टोकियोत एका शनिवारी बेसबॉलचा इतिहास कसा फिरायचा, खास क्रिकेटवाल्यांसाठी

जपानला आलेला मराठी माणूस पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी बोलून जातो, "बेसबॉल म्हणजे काय हो, शेवटी विटी-दांडूच की." मी पण बोललोय, ऑफिसच्या पार्टीत, आणि समोर बसलेला सेन्पाई, म्हणजे ऑफिसातला सीनियर, रागावला नाही, नुसता हसला आणि माझा ग्लास भरला. म्हणजे विषय संपला, आता तुझ्याशी यावर बोलायचं नाही. तेव्हाच ठरवलं की हे प्रकरण नीट समजून घ्यायचं, आणि सहा वर्षांत जे समजलं त्यातून एका दिवसाचा प्लॅन तयार झालाय. पुण्याहून कोणी आलं की मी त्यांना असंच फिरवतो.

पहिली गोष्ट, नियमांपासून सुरुवात करू नका. नियम यूट्यूबवर वीस मिनिटांत कळतात आणि मॅच बघताना अजून वीस मिनिटांत पक्के होतात. खरी गंमत वेगळीच आहे. हा खेळ अमेरिकन माणसाने जपानला दिला, जपानने त्याचे शब्द बदलले, त्यातली शिस्त बदलली, त्यावरून भांडणं केली, युद्धात त्याचं इंग्लिश हाकलून दिलं, परत आणलं, आणि आता त्याच खेळातले सगळ्यात भारी खेळाडू अमेरिकेला पाठवतोय. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथे कोणी कोणाला काय दिलं आणि घेणाऱ्याने त्याचं काय केलं?

तारीख आधी ठरवा. सीझन मार्चअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, जूनमध्ये पाऊस असतो आणि आपण जिथे मॅच बघणार त्या जिंगू स्टेडियमला छप्पर नाहीये, ऑगस्टमध्ये तर असा दमट उकाडा असतो की मुंबईचा माणूसही हाय खातो. मे किंवा सप्टेंबरचा शेवट बेस्ट. याकुल्ट स्वॅलोज टीमची जिंगूवर संध्याकाळची मॅच असेल तो शनिवार पकडा. याकुल्ट म्हणजे तीच, पुण्या-मुंबईत दुकानाच्या फ्रिजमध्ये दिसते ती छोटी बाटली. इथे टीम शहरापेक्षा कंपनीच्या नावाने जास्त ओळखली जाते, योमिउरी आणि चुनिची पेपरवाले, हानशिन आणि सेइबू रेल्वेवाले, लोत्ते च्युइंगमवाले, आणि निप्पॉन हॅम फायटर्स म्हणजे हॅमशी मारामारी करणारे नाहीत, निप्पॉन हॅम कंपनीचे फायटर्स. दोन लीग, प्रत्येकी सहा टीम, बस. पाहुणी टीम योमिउरी जायंट्स किंवा हानशिन टायगर्स असेल तर तिकीट आयत्या वेळी मिळायची आशा सोडा, आधीच ऑनलाइन काढा किंवा कोन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या, मशीनवरून काढा.

सकाळी दहाला जिम्बोचो स्टेशनला भेटायचं. जुन्या पुस्तकांचा एरिया आहे, आपल्या अप्पा बळवंत चौकाचा मोठा भाऊ म्हणा, पण दुकानात शिरायचं नाही नाहीतर दिवस तिथेच जाईल. तिथून पाच-सात मिनिटांवर कांदा-निशिकीचो भागात गाकुशिकाइकान नावाची जुनी बिल्डिंग. याच जागेवर 1870 च्या दशकात ती सरकारी शाळा होती जिच्यातून पुढे टोकियो युनिव्हर्सिटी झाली, आणि तिथे होरेस विल्सन नावाचा अमेरिकन मास्तर शिकवायला होता. मेन राज्यातल्या गोरहॅम गावचा, अमेरिकन सिव्हिल वॉरमध्ये लढलेला. 1872 ला त्याने पोरांना वर्गाबाहेर काढलं आणि बॅट-बॉल हातात दिला, बस एवढंच. जपानमध्ये बेसबॉल आला तो असा, कुठला मोठा समारंभ नाही, मास्तरला वाटलं पोरांनी जरा हातपाय हलवावेत. विल्सन 1877 ला परत गेला, आणि 2003 ला त्याचं नाव जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, आलं, म्हणजे सव्वाशे वर्षांनी मास्तरची आठवण झाली.

इथलं स्मारक मला फार आवडतं. एक भलामोठा ब्राँझचा हात, माणसापेक्षा उंच, बॉल पकडलेला, आणि जवळ जाऊन बघितलं की बॉलवर शिवणीच्या एका बाजूला जपान आणि दुसऱ्या बाजूला अमेरिका कोरलेली दिसते. बहुतेक लोक लांबून फोटो काढून निघून जातात आणि तो नकाशा बघतच नाहीत. फक्त एक सूचना, रीडेव्हलपमेंटसाठी ही बिल्डिंग 2024 च्या शेवटी बंद झालीये, त्यामुळे निघण्याआधी तिथे काय चाललंय ते नेटवर बघून घ्या. रस्त्यावरून नुसती जागा बघायला मिळाली तरी सुरुवात इथूनच करा.

इथे उभं राहून सोबतच्यांना 1896 ची गोष्ट सांगायची. विल्सनच्या शाळेच्या वंशातलीच एक शाळा, इचिको. तिथली पोरं बेसबॉलमध्ये इतकी तयार झाली की योकोहामात राहणाऱ्या परदेशी लोकांच्या क्लबला मॅचचं आव्हान द्यायला लागली. हा क्लब मुळात क्रिकेट क्लब म्हणून 1868 ला सुरू झालेला! साहेब लोक बरीच वर्षं टाळाटाळ करत राहिले, शेवटी 23 मे 1896 ला मॅच झाली, आणि पोरांनी 29-4 ने धुतलं. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर डावाने पराभव. आपल्याकडे 1906 ला मुंबईत बाळू पालवणकरांच्या हिंदू टीमने युरोपियनांना हरवलं तेव्हा जे वातावरण झालं असेल, साधारण तसंच, फक्त दहा वर्षं आधी. त्या दिवशी जपानमध्ये हा खेळ अमेरिकन राहिला नाही. योकोहामाला कधी गेलात तर कान्नाई स्टेशनच्या बाहेर पार्कात आता जे स्टेडियम आहे, ती मॅच त्याच पार्कात झाली होती.

तिथून चालत सुइदोबाशीकडे निघायचं, पंधरा-वीस मिनिटं. टोकियो डोमच्या पोटातच बेसबॉल हॉल ऑफ फेम म्युझियम आहे, 1959 पासूनचं, डोम झाल्यावर 1988 ला आत हललं. निघायच्या आधी त्या दिवशी उघडं आहे ना ते बघून घ्या. आत एका हॉलमध्ये भिंतीवर ब्राँझच्या पाट्याच पाट्या, सगळ्या वाचायला गेलात तर डोकं फिरेल. मी लोकांना पाच नावं देतो आणि म्हणतो शोधा, फोनचा कॅमेरा कांजीवर, म्हणजे जपानी अक्षरांवर, धरला की काम होतं.

पहिलं विल्सन, ते सांगून झालं.

दुसरं एइजी सावामुरा. इथे जरा थांबा. 1934 च्या नोव्हेंबरमध्ये योमिउरी पेपरचा मालक मात्सुतारो शोरिकी याने अमेरिकन स्टार टीम बोलावली, बेब रूथ, लू गेहरिग, जिमी फॉक्स, चार्ली गेहरिंगर, म्हणजे त्या काळातले सगळे बाप लोक एका बोटीतून आले. गिन्झामध्ये मिरवणूक निघाली तेव्हा गाड्या पुढे सरकेनात इतकी गर्दी. जपानी टीमने सगळ्या मॅच हरल्या, सगळ्या. पण 20 नोव्हेंबरला शिझुओकामध्ये सतरा वर्षांचा सावामुरा बॉल टाकायला उभा राहिला आणि त्याने वर सांगितलेल्या चौघांना लागोपाठ स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकमध्ये बाद केलं. मॅच तरीही 0-1 ने हरले, गेहरिगने होमरन, म्हणजे आपला षटकार समजा, मारला. पण जपानमध्ये कोणालाही विचारा, हरलेली मॅच म्हणून कोणी ती सांगत नाही. पुढे सावामुरा सैन्यात गेला, परत आला, परत बोलावणं आलं, आणि डिसेंबर 1944 ला त्याचं जहाज अमेरिकन पाणबुडीने बुडवलं. सत्तावीस वर्षांचा होता. दर वर्षी सगळ्यात चांगल्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, मिळणारं अवॉर्ड 1947 पासून त्याच्या नावाने आहे.

त्याच दौऱ्यात मो बर्ग नावाचा एक साधारण कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, पण आला होता, खूप भाषा येणारा. तो एक दिवस बाळंतिणीला भेटायच्या निमित्ताने त्सुकिजीच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमध्ये शिरला, भेटला कोणालाच नाही, गच्चीवर गेला आणि टोकियोचं शूटिंग करून आला. पुढे युद्धात तो खरोखरच अमेरिकेचा हेर झाला. तेव्हा त्याला कोणी पाठवलं होतं की स्वतःचीच खाज, यावर आजही लोक वाद घालतात.

तिसरं नाव लेफ्टी ओडूल. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा अमेरिकन रूथ नाही, हा आहे. रूथ एकदा आला आणि गेला, ओडूल येत राहिला, कोचिंग करत राहिला. 1934 च्या दौऱ्यानंतर शोरिकीने जी प्रोफेशनल टीम काढली तिचं नाव होतं दाइ निप्पॉन तोक्यो याक्यू कुराबू, ती 1935 ला अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली तेव्हा ओडूलने सांगितलं की बाबांनो हे नाव कोणाच्या तोंडात बसणार नाही, जायंट्स म्हणा. तो स्वतः न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळलेला. तेच आजचे योमिउरी जायंट्स. मग युद्ध झालं, शहरं बेचिराख झाली, आणि 1949 ला हाच ओडूल सॅन फ्रान्सिस्को सील्स टीम घेऊन परत आला, ज्यांच्या देशाने बॉम्ब टाकले त्यांच्या टीमला बघायला स्टेडियम भरली. पुढच्याच वर्षी, 1950 ला, आजच्या दोन लीग सुरू झाल्या.

चौथं वॉली योनामिने. हवाईचा, आईवडलांकडून जपानी रक्ताचा, आधी अमेरिकन फुटबॉल खेळलेला, 1951 ला जायंट्समध्ये आला. युद्धानंतर इथे खेळायला आलेला पहिला अमेरिकन. तो बेसवर, म्हणजे धावून पोचायच्या ठिकाणी, असा घुसायचा की समोरचा फील्डर उडालाच पाहिजे, इथल्या सभ्य लोकांना ते बघवेना, स्टँडमधून दगड आले. काही वर्षांतच सगळे तसंच खेळायला लागले. चेहरा आपला, वागणं परक्याचं, या माणसाला दोन्हीकडून शिव्या. परदेशात वाढलेल्या आपल्या पोरांना सुट्टीत गावी नेलं की काय होतं ते आठवा, म्हणजे कळेल.

पाचवं हिदेओ नोमो. त्याच्याआधी मासानोरी मुराकामी म्हणून पोरगा 1964 च्या 1 सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळला होता, पहिलाच जपानी. खरं तर त्याच्या इथल्या टीमने, नानकाई हॉक्सने, शिकायला म्हणून पाठवला होता, तो इतका चांगला निघाला की अमेरिकन म्हणाले आता आमचा, इथले म्हणाले आमचा, आणि भांडणाचा शेवट असा की 1965 चा सीझन खेळून तो परत आला आणि पुढची तीस वर्षं दार बंद. नोमोने 1995 ला ते दार उघडलं नाही, खिडकीतून उडी मारली. करारात पळवाट अशी होती की खेळाडू रिटायर झाला तर तो बाहेर कुठेही खेळू शकतो. नोमोने सव्वीसाव्या वर्षी रिटायरमेंट जाहीर केली आणि लॉस एंजेलिस डॉजर्सला गेला! इथल्या पेपरांनी गद्दार म्हटलं. मग तो तिकडे रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सगळ्यात चांगला नवखा खेळाडू, झाला, आणि तेच लोक पहाटे उठून मोठ्या स्क्रीनसमोर रस्त्यावर उभं राहून त्याच्या मॅच बघायला लागले. आपण हे असं कधी करत नाही, नाही का.

त्यानंतर 1998 ला पोस्टिंग सिस्टिम आली, म्हणजे खेळाडू सोडायचे जपानी टीमला पैसे मिळतात. इचिरो त्याच वाटेने गेला, 2001 मध्ये पहिल्याच वर्षी एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू, आणि 2025 ला अमेरिकन हॉल ऑफ फेममध्ये, 394 पैकी 393 मतं. तो एक माणूस कोण हे अजून कोणाला कळलेलं नाही. आजचा स्टार ओहतानी, त्याच्याबद्दल मी काही सांगत नाही, ते टॅक्सीवाल्याला विचारा, घर येईपर्यंत थांबणार नाही. एवढंच लक्षात ठेवा की पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा म्हणून अमेरिकन लोक त्याची तुलना ज्याच्याशी करतात तो बेब रूथ, तोच 1934 ला बोटीतून उतरलेला.

दुपारी सुइदोबाशीहून दोन स्टेशनं अकिहाबारा, तिथे बदलून उएनो. उएनो पार्कात प्राणिसंग्रहालयाची गर्दी असते, तुम्ही त्या गर्दीत न जाता छोटं बेसबॉल ग्राउंड शोधा, मासाओका शिकी यांच्या नावाचं. हायकूवाले शिकी. मराठीत हायकू लिहिणाऱ्यांना हे नाव माहीत असणारच, पण कवी बेसबॉलचा वेडा होता हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. कॅचर म्हणून खेळायचे, लहानपणचं नाव नोबोरू, म्हणून 'रान' आणि 'चेंडू' अशी दोन अक्षरं लिहून 'नो-बोरू' असं टोपणनाव घेतलेलं. हीच दोन अक्षरं 'याक्यू' अशी वाचून खेळाला जपानी नाव दिलं ते मात्र 1894 ला चुमान कानाए या इचिकोच्या माणसाने. हे श्रेय लोक सर्रास शिकींना देतात, तुम्ही देऊ नका. शिकींनी 1896 ला पेपरात लिहिताना आतले शब्द घडवले, बॅटरला दाशा, रनरला सोशा, पिचरने बाहेर टाकलेले चार बॉल झाले की शिक्यू. आपल्याकडे मराठी कॉमेंट्रीने षटकार, यष्टिरक्षक, धावफलक रुळवले तसंच. फरक एवढाच की हे लिहिताना क्षयाने पाठ गेलेली, अंथरुणाला खिळलेले, खेळणं कधीच बंद झालेलं. ग्राउंडजवळ दगडावर त्यांचा हायकू आहे, वसंताचा वारा, गवताचं रान आणि चेंडू फेकावासा वाटणं. चौतिसाव्या वर्षी गेले.

तिथल्या बाकावर बसून डबा खाऊन घ्या. आणि शब्दांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगा की 1943 ला युद्धात इंग्लिश शत्रूची भाषा झाली, तेव्हा अंपायर स्ट्राइकला 'योशी' आणि आउटला 'हिके' ओरडायचे. युद्ध संपलं आणि स्ट्राइक, आउट सगळं परत आलं, सोबत इथेच तयार झालेलं इंग्लिश पण, रात्रीची मॅच म्हणजे 'नायटर', अंगावर बॉल लागला तर 'डेड बॉल', शेवटच्या क्षणी होमरन मारून मॅच संपवली तर 'सायोनारा होमरन'. अमेरिकन माणसाला यातला शेवटचा समजावून सांगितला की तो खूश होतो.

उएनोहून गिन्झा लाइन पकडा, न बदलता थेट गाइएनमाए. जिंगू स्टेडियम 1926 चं आहे. रूथ इथे खेळलाय. त्याच्या आधी 1927 ला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय खेळाडूंची फिलाडेल्फिया रॉयल जायंट्स टीम इथे खेळली. त्यांना त्यांच्या देशात मेजर लीगची दारं बंद होती, इथे ते जिंकायचे पण समोरच्याचा अपमान न करता. रूथच्या दौऱ्याच्या गाजावाजात त्यांना लोक विसरतात, मला ते बरोबर वाटत नाही. युद्धानंतर 1952 पर्यंत हे ग्राउंड अमेरिकन सैन्याकडे होतं, नाव पण बदललेलं, स्टेटसाइड पार्क. आता आजूबाजूला टॉवर उभे राहणार, हे पाडून शेजारी नवीन बांधणार असं ठरलंय, तेव्हा बघायचं असेल तर लवकर बघा.

आत जाताना कॅन आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत, गेटवर पेपर कपात ओतून देतात. शाकाहारी असाल तर एदामामे (उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा) आणि फ्राइजवर भागवावं लागेल, म्हणून दोन पराठे ठेवा. जागा मात्र डोळे उघडे ठेवून निवडा. उजवीकडचं आउटफील्ड म्हणजे स्वॅलोजचे कट्टर लोक, डावीकडे पाहुण्या टीमचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगात छान केशरी टीशर्ट, समोर जायंट्स, आणि जायंट्सचा रंगच केशरी, आणि मी बसलो उजवीकडे बरोब्बर ढोलवाल्याच्या मागे. कोणी काही बोललं नाही. एका काकूंनी तिसऱ्या इनिंगला (इनिंग म्हणजे दोन्ही टीमची एकेक बॅटिंगची पाळी) स्वतःचा हिरवा टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि परत मॅच बघायला लागल्या.

चिअरिंग फक्त आपली टीम बॅटिंग करताना. ट्रम्पेट, ढोल, प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं, आणि समोरची टीम बॅटिंगला आली की आपले सगळे खाली बसून जेवतात. कॉलेजच्या मॅचमधूनच ही पद्धत वाढली, वासेदा आणि केइओ या युनिव्हर्सिटींच्या समर्थकांची इतकी जुंपायची की 1906 ला त्यांच्या मॅच बंद केल्या त्या 1925 पर्यंत. स्कोअरबोर्डवर बी, एस, ओ अशा दिव्यांच्या तीन ओळी असतात, बॉल, स्ट्राइक, आउट. 2010 पर्यंत इथे स्ट्राइक आधी बोलायचे, मग अमेरिकेसारखं केलं, म्हणून जुने लोक अजून 'टू-थ्री' म्हणतात तेव्हा ते उलटं समजायचं, दोन स्ट्राइक आणि तीन बॉल. आणि बारा इनिंगपर्यंत निकाल नाही लागला तर मॅच चक्क बरोबरीत, अमेरिकन माणसाला हे सहनच होत नाही, आपल्याला ड्रॉ टेस्टची सवय आहे.

पाठीवर बिअरचा पिंप बांधून पायऱ्या चढणाऱ्या मुली दिसतील, हात वर केला की तुमच्या रांगेपाशी गुडघ्यावर बसून ग्लास भरून देतात. स्वॅलोजची रन झाली की सगळं स्टेडियम छोट्या प्लास्टिकच्या छत्र्या उघडून नाचतं, छत्री बाहेरच्या दुकानात मिळते, लाजू नका, घ्या.

आणि एक करा, आजूबाजूला पेन्सिल आणि वही घेऊन बसलेले एखादे आजोबा शोधा, असतातच. गेल्या मे महिन्यात माझ्या शेजारी होते. प्रत्येक बॉलनंतर चौकटीत बारीक खूण, चुकलं तर रबराने पुसून परत, मॅच किती रंगात आली तरी वही आधी. मी विचारलं ही स्कोअर लिहायची पद्धत कुठली, तर म्हणाले वासेदा पद्धत, केइओ पद्धत प्रोफेशनल स्कोअरर वापरतात, मला नाही आवडत. मग त्यांनी विचारलं कुठले, मी भारत म्हटलं, तर म्हणाले क्रिकेटचा स्कोअर कसा लिहितात दाखव. वहीच्या शेवटच्या पानावर मी त्यांना एक ओव्हर काढून दाखवली, डॉट, चौका, वाइड, विकेट. त्यांनी विकेटच्या खुणेवर बोट ठेवून विचारलं की हा माणूस परत बॅटिंगला कधी येतो. दुसऱ्या डावात, उद्या किंवा परवा, असं सांगितल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

मॅच सुटल्यावर गाइएनमाएकडे जाऊ नका, तिथे जिन्यावरच अर्धा तास जातो. उलट्या बाजूने चालत शिनानोमाची स्टेशन गाठा, छत्री बॅगेत टाका आणि सोबु लाइनने घरी.